आधी आई पाहा

मुलांनो, भेंडी घेताना आपण तिचे टोक मोडून पाहतो. माठ घेताना तो वाजवून पाहतो. बैल घ्यायला गेलेला शेतकरी बैलाचे तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय पैशांची गोष्ट काढत नाही. पण कुत्र्याचे पिल्लू घ्यायला गेलेला शहाणा माणूसही हे सारे विसरतो. पिल्लू हातात येते, बोट चाटते आणि माणूस लगेच खिशात हात घालतो. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. म्हणून काही बोलण्याआधीच तो पिल्लू तुमच्या हातात देतो.

पिल्ले विकणारे सगळेच लबाड असतात असे नाही. आपल्या कुत्र्यांना जीव लावणारी प्रामाणिक माणसेही या धंद्यात आहेत. तुमच्या घरी, मामांकडे किंवा शेजारी कोणी पिल्लू घ्यायचे ठरवले, तर या दोघांतला फरक कसा ओळखावा, ते मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा पहिला नियम अगदी सोपा आहे. पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहायला मागा. ‘खाण तशी माती’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पिल्ले पाजणारी आई थोडी वाळलेली असू शकते; पण ती स्वच्छ, निरोगी आणि माणसांत मिसळणारी असावी. लबाड विक्रेता मात्र आई दाखवत नाही. “ती गावाला आहे,” “ती अनोळखी माणसाला चावते,” “तुम्ही कशाला त्रास घेता, मीच स्टेशनवर पिल्लू घेऊन येतो,” अशी नाना कारणे तो सांगतो. खरे कारण वेगळेच असते. त्या आईला लोकांपुढे आणण्यासारखे त्याने ठेवलेलेच नसते. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. पैशांच्या लोभाने तिला विश्रांती न देता एकामागून एक वेते घेतली जातात. अंधाऱ्या खोलीतल्या पिंजऱ्यात तिचे आयुष्य संपते. तिचे पिल्लू गोंडस दिसते. पण त्या गोंडसपणाची किंमत तिने मोजलेली असते.

दुसरी गोष्ट वयाची. भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. यामागे चांगले कारण आहे. या दिवसांत पिल्लू आईजवळ आणि भावंडांबरोबर खेळता खेळता बरेच काही शिकते. जोराने चावले की भावंड ओरडते आणि खेळ थांबतो. दात किती लावावेत, हे त्याला तिथे कळते. लबाड माणूस मात्र महिन्याचे पिल्लू दोन महिन्यांचे म्हणून विकतो. खाण्याचा खर्च वाचतो आणि लहान पिल्लू लवकर खपते. अशा वेळी शेतकऱ्याची युक्ती वापरा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक सगळे आलेले असतात. पुढचे दात नुकतेच डोकावत असतील, तर विकणारा खोटे बोलतो आहे असे समजा.

तिसरी गोष्ट आरोग्याची. पार्व्हो नावाचा एक विषाणू आहे. तो शरीरात शिरल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनी आजार दिसू लागतो. म्हणजे विकण्याच्या दिवशी पिल्लू उड्या मारत असते आणि आजार आपल्या घरी येऊन प्रकटतो. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने असेच पिल्लू आणले होते. चार दिवस ते घरभर दुडदुडले. पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. सातव्या दिवशी ते गेले. विकणाऱ्याने फोन उचललाच नाही. घरातली लहान मुलगी पुढे कित्येक दिवस त्याची वाटी धुऊन जागेवर ठेवत होती.

म्हणून लसीकरणाचे कार्ड मागा. त्यावर लसीचे नाव, तारीख आणि पशुवैद्याची सही आहे का, ते वाचा. “सगळी इंजेक्शने झाली आहेत,” असे दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल कोणी म्हणाला, तर ते खरे नसते. पार्व्होसारख्या रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. रेबीजची लस तर साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. पिल्ले विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणेही बंधनकारक आहे. ते प्रमाणपत्र पाहायला मागा. काही जण केवळ वंशावळीचा कागद पुढे करतात. त्या कागदावरून घराणे कळते, तब्येत कळत नाही.

चौथी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रामाणिक माणूस तुम्हांलाच प्रश्न विचारतो. घर केवढे आहे? दिवसभर घरी कोण असते? त्याला फिरायला कोण नेणार? लबाड माणूस एकच विचारतो, “पैसे कधी देता?” आणि वर घाई करतो, “आजच घ्या, उद्या मिळणार नाही.”

आता एक कठीण गोष्ट सांगतो. एखादे आजारी पिल्लू पाहून तुम्हांला दया येईल. निदान याला तरी सोडवू, असे वाटेल. पण तुमचे पैसे त्याच माणसाच्या हातात पडतील, रिकाम्या पिंजऱ्यात दुसरे पिल्लू येईल आणि आईच्या वाट्याला आणखी एक वेत येईल. त्यापेक्षा पशुवैद्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवा. शिवाय अशा संस्थांकडे आपल्या देशी कुत्र्यांची निरोगी पिल्ले घराची वाट पाहत असतात.

भावाची बोलणी मोठी माणसे करतील. तेव्हा तुम्ही फक्त एवढेच विचारा, “चाचा, याची आई कुठे आहे?” लहान मुलाच्या अशा प्रश्नावर भला माणूस रागावत नाही. आणि कोणी रागावलाच, तर तुम्हांला उत्तर मिळाले असे समजून अब्बांचा हात धरा आणि घरी चला.