सोबतीचें मोल

2024 सालच्या श्रावणांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही सुपारी कातरीत बसलों होतों. सूनबाईस तेव्हां सातवा महिना चालू होता. चिरंजीव जरा चांचरत म्हणाले, "बाबा, बाळंतपणासाठीं एक डूला ठरवावी असा आमचा विचार आहे." आम्हांस तो पाळण्याचाच कांहीं नवा प्रकार वाटला, व "घरांत आजोबांचा सागवानी पाळणा असतां नवा कशास?" असें आम्हीं विचारलें. मंडळी हसली. मग उलगडा झाला तो असा कीं, डूला ही वस्तु नसून बाई आहे. ती डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, सुईणही नव्हे. ती तपासणी करीत नाहीं, औषध देत नाहीं. बाळंतपणापूर्वीं चार वेळां घरीं येऊन ती गर्भिणीशीं बोलते, कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ बसून राहते, आणि मूल झाल्यावर तीन वेळां येऊन बाळंतिणीची विचारपूस करते. याबद्दल तिचें मोल तीस हजार रुपये.

आंकडा ऐकतांच आमच्या हातांतील अडकित्ता थांबला. "घरांत अकरा माणसें, त्यांत पांच बायका; आणि सोबत विकत आणावयाची?" असें आम्ही जरा मोठ्यानेंच बोललों. सूनबाई खालीं मान घालून बसली. इतक्यांत आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांतून शांतपणें म्हणालें, "घरांत तेव्हां बायका सात होत्या. मला कोणाची सोबत झाली, तेवढें सांगा."

पस्तीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न आम्हांस कोणीं केला नव्हता. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

चिरंजीवांचा जन्म 1989 सालचा. आमच्या कुटुंबाची आई पूर्वींच निवर्तलेली, म्हणून पहिलें बाळंतपण असूनही तें सासरींच करावें लागलें. पहांटे कळा सुरू झाल्या. रुग्णालयांत नेलें, आणि प्रसूतिगृहाचें दार आमच्या तोंडावर बंद झालें. आमची मातोश्री बाहेरच्या बांकावर स्तोत्रें म्हणत बसली; आम्ही व्हरांड्यांत येरझारा घालीत होतों. चौदा तास ती दाराआड एकटी होती. येणारी जाणारी परिचारिका "ओरडूं नका" एवढेंच म्हणे. मूल सुखरूप झालें, आम्हीं पेढे वांटले, आणि ते चौदा तास विसरून गेलों. विसरलों ते आम्ही. जिनें काढले ती विसरली नव्हती.

पुढें घरीं बाळंतिणीच्या अंगास तेल लावून न्हाऊ घालण्यासाठीं एक मावशी येऊं लागली. तिनें रोजचे दहा रुपये सांगितले. आम्हीं घासाघीस करून सातांवर आणिले, व त्या व्यवहारचातुर्याचें आम्हांस कौतुकही वाटलें. बारसें झालें त्या दिवशीं मातोश्री म्हणाली, "आतां घरच्या बायका करतील." मावशीस निरोप दिला. जातांना ती ओसरीवर थबकून आम्हांस म्हणाली, "मास्तर, पोरीचं अंग बरं हाय, मन बरं न्हाई. तिला एकटी ठिवू नका." चालू काम सुटूं नये म्हणून बाई कांहीं तरी बोलते, असा आम्हीं अर्थ केला. त्यानंतर कित्येक महिने आमचें कुटुंब हसलें नाहीं. रात्रीं मुलास पाजतांना तें रडत असे. "नवी आई आहे, होईल सवय" असें सर्वजण म्हणत. घरच्या बायका प्रेमळ होत्या. परंतु त्यांपैकीं एकीसही कामांतून मान वर करण्यास उसंत नव्हती. ज्या एका बाईनें तिच्या चेहऱ्याकडे पाहिलें, तिला आम्हीं रोजचे सात रुपये वांचविण्यासाठीं घालविलें होतें.

आमची संवय अशी कीं मन अस्वस्थ झालें म्हणजे फडताळांतील जुने ग्रंथ काढून बसावें. चरकाचें शारीरस्थान व सुश्रुताचें शारीरस्थान आम्हीं पूर्वीं वाचलें होतें, पण तें शब्दांच्या व्युत्पत्तीसाठीं. या वेळीं अर्थासाठीं वाचलें. चरकानें आठव्या अध्यायांत नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार बांधण्यास सांगितलें आहे, आणि तेथें कोणत्या स्त्रिया असाव्या हेंही सांगितलें आहे: अनेकदां प्रसवलेल्या, मायाळू, प्रसंगावधानी, खेद न मानणाऱ्या व क्लेश सोसणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे त्या गर्भिणीस हव्या वाटणाऱ्या. सुश्रुतानें तर संख्याच दिली आहे. परिणत वयाच्या, प्रसूतीच्या कामीं कुशल, नखें काढलेल्या अशा चार स्त्रियांनीं तिची परिचर्या करावी. आम्ही ज्यास परदेशी थेर समजत होतों, तें आमच्याच फडताळांत धूळ खात पडलें होतें.

परदेशांतील हकीकत चिरंजीवांनीं सांगितली. डूला हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ दासी. अमेरिकेंत डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनीं तो बाळंतिणीच्या सोबतिणीस लाविला. क्लाउस व केनेल या बालवैद्यांनीं सहकाऱ्यांसह ग्वाटेमाला देशांतील एका रुग्णालयांत प्रयोग केला, तो 1980 सालीं प्रसिद्ध झाला. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवावी. तिनें पाठ चोळावी, हात धरावा, धीर द्यावा, एवढेंच. अशा स्त्रियांची सुटका एकाकी स्त्रियांपेक्षां पुष्कळच लौकर झाली. पुढें कॉक्रेन या संस्थेच्या विद्वानांनीं 17 देशांतील 26 प्रयोग एकत्र तपासून 2017 सालीं निष्कर्ष काढिला कीं, अखंड सोबत असल्यास स्वाभाविक प्रसूतीचें प्रमाण वाढतें, शस्त्रक्रियेचें कमी होतें, आणि बाळंतपणाविषयींची कटुता मनांत कमी राहते. त्या प्रयोगांत 15,000 हून अधिक स्त्रिया होत्या. आपल्या केंद्र सरकारनेंही 2016 सालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं एक सोबतीण जवळ राहूं देण्याचें ठरविलें, व ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी असें सुचविलें. चरकाची अट ती हीच.

सोबत हवी हें आम्हांस पटलें. परंतु पैसे देऊन आणलेली सोबत ती खरी सोबत काय, ही शंका उरलीच होती. तिचें उत्तर घरांतच शोधावें म्हणून आम्हीं एक कागद घेऊन बायकांचीं नांवें लिहिलीं. मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. वहिनींस रक्तदाब. आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांस जिना चढवत नाहीं. पुतणसून बँकेंत नोकरीस. पांचवी स्वतः सूनबाई. तिच्या मातोश्री पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या. 2017 च्या दुरुस्तीनें नोकरीतील स्त्रीस 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानें मिळते, ती सूनबाईस मिळणार होती. परंतु तिच्याजवळ रात्रभर बसणाऱ्या बाईस कोण रजा देणार? एकत्र कुटुंब या शब्दांत जी फुकट सोबत आम्हीं गृहीत धरिली होती, ती कधींच फुकट नव्हती. तिचें मोल घरांतील कोणी तरी झोंपेनें, पाठदुखीनें व मुकाट्यानें देत आली होती, आणि जमाखर्चाच्या वहींत तें कधीं चढलें नव्हतें.

बाहेरच्या बाईस तरी आपण काय देत आलों? आमचा स्वतःचा जन्म 1959 सालीं कोंकणांत, आजोळीं, सुईणीच्या हातीं झाला. आजी सांगत असे कीं तिला एक जुनेर, खण, नारळ व पायलीभर तांदूळ दिले. ज्या बाईनें आमचें डोकें प्रथम हातीं धरिलें, ती दुसऱ्या दिवशीं मागील अंगणांत पान मांडून जेवली. घरांत तिला प्रवेश मिळाला तो त्या एका रात्रीपुरता. तिनें काय घेणार असें विचारल्यास "तुम्ही द्याल तें" म्हणावें अशी रीत होती. या बोलण्याचें पूर्वीं आम्हांस कौतुक वाटे. आतां वाटतें कीं, तें नेहमीं दुबळ्या पक्षासच बोलावें लागतें. डॉक्टर असें म्हणत नाहींत, कार्यालयवालाही म्हणत नाहीं.

अखेर डूला ठरली. त्याशिवाय चाळीस दिवस तेल लावण्यास येणाऱ्या बाईस रोजचे सहाशें रुपये द्यावयाचे, म्हणजे चोवीस हजार. एकंदर चौपन्न हजार झाले. विम्याच्या कागदांत रुग्णालयाचा खर्च होता, सोबतीचा नव्हता. आम्हीं बारशासाठीं कार्यालय घेऊन दीडशें पानें उठवावीं म्हणून रक्कम बाजूस ठेविली होती. ती इकडे वळविली, व बारसें घरच्या माणसांत करण्याचें ठरविलें. तेल लावणारी बाई प्रथम आली तेव्हां तीही म्हणालीच, "द्या तुम्हांला वाटेल ते." आम्हीं तिला खुर्चीवर बसवून आंकडा तिच्याच तोंडून वदविला, आणि तो कमी केला नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वींचे वांचविलेले तीन रुपये आमच्या मनांत टोंचत होते.

दिवाळी चार दिवसांवर आली असतां मध्यरात्रीं सूनबाईस रुग्णालयांत नेलें. आधीं विचारून ठेविल्यामुळें चिरंजीव व डूला दोघांसही आंत राहूं दिलें. अकरा तास ती बाई सूनबाईची कंबर चोळीत होती, तिला चालवीत होती, घोटघोट पाणी पाजीत होती. आणि घाबरलेल्या चिरंजीवांस कोठें उभें राहावें, काय बोलावें हेंही सांगत होती. दुपारीं बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया करण्याचें ठरविलें, आणि डूलेनें एक शब्दही आड न घालतां सूनबाईस तें समजावून सांगून तिचा हात सोडला. नातू सुखरूप झाला.

बारशाच्या दिवशीं एक आप्त म्हणाले, "शेवटीं पोट उघडावेंच लागलें ना? मग ते तीस हजार कशाचे?" आम्ही उत्तर जुळवीत होतों, तों सूनबाईच म्हणाली, "काका, मी एकटी नव्हतें, त्याचे." आमच्या कुटुंबानें तोंड फिरवून पदर डोळ्यांस लाविला. तें कां, हें त्या बैठकींत आम्हां दोघांसच ठाऊक होतें.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिसऱ्या आठवड्यांत डूला घरीं आली तेव्हां तिनें आम्हां सर्वांस खोलीबाहेर जाण्यास सांगून सूनबाईस विचारलें, "बाळ झोंपल्यावर तरी तुला झोंप लागते का?" घरांतील दहा माणसांनीं तोंपर्यंत दूध पुरतें का, बाळ रडतें का, वजन किती, एवढेंच विचारलें होतें. झोंप लागत नव्हती. मनांत भलतेंसलतें येत होतें. डूलेनें "यांत माझें काम नाहीं, डॉक्टरांस दाखवा" असें स्पष्ट सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं दाखविलें, वेळीं उपचार झाला, आणि संक्रांतीपर्यंत सूनबाई पूर्ववत् हसूं लागली. 1989 सालीं ओसरीवर उभी राहून मावशीनें दुसरें काय सांगितलें होतें?

ज्यांच्या घरीं असा प्रसंग येणार असेल त्यांनीं कांहीं गोष्टी आधींच बोलून घ्याव्या. रुग्णालय सोबतीणीस आंत येऊं देतें कीं नाहीं. ती किती वेळां येणार. ऐन वेळीं ती आजारी पडल्यास बदली कोण. शस्त्रक्रिया झाल्यास मोबदल्याचें काय. आणि वैद्यकीय बाबतींत ती ढवळाढवळ करणार नाहीं ना. निम्मे पैसे आधीं द्यावे, निम्मे मागाहून, व दोहोंची नोंद ठेवावी. सर्वांत आधीं गर्भिणीस ती बाई आवडली पाहिजे.

इतका खर्च सर्वांस झेपणारा नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच अमेरिकेंत मिनेसोटा राज्यानें 2013 सालीं कायदा करून गरीब स्त्रियांसाठीं डूलेचा मोबदला सरकारी आरोग्यसाहाय्यांतून देण्याची सोय केली, व कॅलिफोर्नियानें 2023 च्या जानेवारीपासून तीच वाट धरिली. आपल्याकडे गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच बायकांस शिकवून घरोघरीं नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धति घालून दिली, तिच्या धर्तीवर 2011 सालीं सरकारी योजना निघाली. आशा सेविकेनें 42 दिवसांत सहा, व घरीं बाळंतपण झाल्यास सात, भेटी द्याव्या आणि तिला 250 रुपये मिळावे असें तींत ठरलें. एका भेटीस बेचाळीस रुपयेही पडत नाहींत. म्हणजे आम्हीं मावशीशीं जी घासाघीस केली, तीच समाजही करीत आला आहे.

त्या मावशीचा आम्हीं शोध केला. ती जाऊन बारा वर्षें झालीं असें कळलें. ऋण फेडावें असें माणूस उरलें नाहीं. घरीं येऊन आम्हीं जमाखर्चाची नवी वही काढिली, आणि पहिल्या पानावर औषधपाणी व दक्षिणा यांच्या ओळींत तिसरें एक सदर आंखलें: सोबत. पुतणसुनेस नुकतेच दिवस गेले आहेत. त्या सदराखालीं पहिली रक्कम आम्हीं या महिन्यापासूनच टाकूं लागलों आहों.