शेवटची रांग

आळशी माणसाच्या शब्दसंग्रहात ‘पुढच्या महिन्यात’ या दोन शब्दांइतके सोयीचे दुसरे काही नसावे. त्यांत नकाराचा कडवटपणा नाही आणि होकाराची जबाबदारीही नाही. हे शब्द मी आजवर किती वेळा उच्चारले असतील, कोण जाणे! पण त्यांपैकी एका वेळेचा जाब मला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री द्यावा लागला. त्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळत होते, आणि मी रस्त्याच्या पलीकडे गर्दीत उभा होतो.

आमच्या आबांना संगीत नाटकाचे विलक्षण वेड. लहानपणी माझे बोट धरून ते मला तेथे नेत. पहिला अंक संपेपर्यंत मी टक्क जागा असे. पुढे पदांमागून पदे रंगू लागली, ‘वन्समोअर’ झडू लागले, की आबांच्या मांडीवर माझे डोके केव्हा टेकले हे मला कळतही नसे. आबा रागावत नसत. “झोपलास तरी सूर कानांत जातातच,” एवढेच म्हणत.

घरी परतताना ते त्या वास्तूची कुळकथा सांगत. शाहू महाराजांनी १९१३ साली तिचे काम सुरू करविले आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. शेजारीच खासबागेचे कुस्तीचे मैदान! एका भिंतीआड तान आणि दुसरीआड शड्डू, असा शेजार राजालाच सुचावा. पुढे त्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव मिळाले. केशवराव १८९० साली कोल्हापुरातच जन्मले, १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली, ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ते धैर्यधर म्हणून उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, गेले. आमच्या आजोबांनी त्यांना पोरवयात ऐकले होते. ध्वनिक्षेपक नसताना तो आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्यासाठीच गातो आहे असे वाटावयास लावी, असे आजोबा सांगत. म्हणून आबा नेहमी शेवटच्या रांगेतलेच तिकीट काढीत. पैशांची काटकसर हे दुसरे कारण होतेच. पण ते मला फार उशिरा समजले.

अखेरच्या वर्षी आबांचे गुडघे त्यांना उंबऱ्याबाहेर जाऊ देत नव्हते. एके सायंकाळी वर्तमानपत्रातील जाहिरातीवर बोट ठेवून ते म्हणाले, “एकदा नेशील काय रे? शेवटच्या रांगेत बसू.” माझ्यासमोर कचेरीचे कागद पसरले होते. मान वर न करता मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात नक्की, आबा.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुढचा महिना ठरल्या दिवशी आला. आबा मात्र त्यापूर्वीच निघून गेले होते.

त्या रात्री छप्पर कोसळताना गर्दीतून एकदम आक्रोश उठला. कुणीतरी म्हणाले, “उद्या नऊ तारीख. केशवरावांचा जन्मदिवस!” माझ्या आजूबाजूची माणसे रडत होती. मला रडू आले नाही. मी मनाशी रांगा मोजीत होतो.

दगडी भिंती उभ्या राहिल्या, आणि नाट्यगृह पूर्वीसारखेच पुन्हा बांधण्याची घोषणाही शासनाने केली. ते व्हावे, लवकर व्हावे. लाकूड, कौले, खुर्च्या सारे पुन्हा मिळते. परंतु जुन्या वास्तू आपल्याला एक वाईट खोड लावतात. त्या शंभर वर्षे जागच्या जागी उभ्या दिसतात, म्हणून त्यांच्या सावलीत वाढलेली माणसेही तशीच उभी राहतील असे आपण धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, “मला एकदा ते दाखवून आण.”

“आई, गर्दी ओसरू दे, पुढच्या...” मी बोलू लागलो आणि थबकलो. मग पायांत वहाणा सरकवून रिक्षा आणावयास बाहेर पडलो.

रस्त्यावरूनच आईने हात जोडले. बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर हळूच म्हणाली, “तुम्ही दोघं बसायचा ती रांग कुठं होती रे?”

मी त्या काळवंडलेल्या भिंतीकडे बोट दाखविले.