नारायणगडावरचे वर्तमानपत्र

बीडच्या एस. टी. स्थानकावर मी गडाला जाणारी गाडी विचारली, तेव्हा चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मलाच उलट विचारले, "कोणता गड?"

प्रश्न रास्त होता. गड म्हटला की आपल्या पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बुरूज, तटबंदी आणि एखादी गंजलेली तोफ उभी राहते. बीडकडे गड म्हणजे संतांचे ठाणे. इकडे भगवानगड, तिकडे गहिनीनाथगड आणि मला जायचे होते तो नारायणगड. यातल्या कोणत्याही गडावर लढाई झाल्याचे मी ऐकलेले नाही. इथे टाळ वाजतात आणि पंगती उठतात.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन आणि मधूनच उघडेबोडके माळ. दसरा-दिवाळी झाली की या गावांतली निम्मीअधिक तरणी माणसे कोयते घेऊन उसाच्या फडावर निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि कुलपे. मी गेलो तेव्हा भाद्रपद चालू होता, म्हणून गावे अजून भरलेली दिसत होती.

गडावर पोचलो तो माध्यान्ह झाली होती. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. आपल्याकडे रोख पैशाला थट्टेने 'नगद नारायण' म्हणतात, त्यामुळे लहानपणी हे नाव ऐकून मी हसलो होतो आणि अण्णांची, म्हणजे वडिलांची, चपराक खाल्ली होती. या मुलखात गडाला धाकटी पंढरी म्हणतात. पुढे भगवानगड उभारणारे भगवानबाबा हे इथल्याच माणिकबाबांचे शिष्य. समाधीपुढे डोके टेकले आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो. वारा असा मोकळा की घामेजलेला सदरा पाच मिनिटांत वाळला.

पण मी खरा आलो होतो तो दर्शनाला नव्हे, हे कबूल केलेले बरे. अण्णा दोन वर्षांपूर्वी वारले. ते प्राथमिक शिक्षक होते, आणि 1975 साली, लग्नाच्याही आधी, गडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत नोकरीला होते. त्या वाडीविषयी ते फार बोलत नसत. एकदाच, मी महाविद्यालयात नोकरीला लागलो त्या दिवशी, म्हणाले होते, "वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवू नकोस." का, ते सांगितले नाही. मला वाटले, म्हाताऱ्या माणसाचा भित्रेपणा.

ओसरीवर माझ्या शेजारी एक आबा बसले होते. सत्तरीचे असतील. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला पांढरा पटका. कुठले, कोण, अशी विचारपूस झाली. मी वाडीचे आणि अण्णांच्या हुद्द्याचे नाव सांगताच ते माझ्याकडे वळून बसले.

"म्हंजी तुमी मास्तरांचे? पेपरवाल्या मास्तरांचे?"

मग पुढचा दीड तास आबा बोलत होते. त्यांचे बोलणे आणि मी पुस्तकांतून वाचलेले असे दोन्ही जुळवून सांगतो.

त्या काळी वाडीत वर्तमानपत्र एकच यायचे, औरंगाबादचा दैनिक 'मराठवाडा'. तोही एस. टी.ने, एक दिवस शिळा होऊन. शाळा सुटल्यावर मास्तर पारावर बसून तो मोठ्याने वाचत. पंधरा-वीस माणसे जमत. एकादशीला मंडळी गडावर आली की वाचन या ओसरीवरही होई. पाऊसपाणी, बाजारभाव, मग राजकारण, असा क्रम ठरलेला.

12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द ठरवली आणि सहा वर्षे निवडणूक लढवण्यास त्यांना अपात्र केले. न्यायालयाने त्यांना थेट पंतप्रधानपदावरून काढले नव्हते. काढले होते ते खासदारकीवरून. पण खासदारकीच गेली तर पंतप्रधानपद किती दिवस टिकणार, हे पारावरच्या माणसालाही कळत होते. फिर्याद राजनारायण यांची. 1971 च्या निवडणुकीत ते एक लाखाहून अधिक मतांनी पडले होते. तिकडे जयप्रकाश नारायण आंदोलन चालवीत होते आणि इकडे बातमी वाचली जात होती ती नारायणगडाखाली! आबा म्हणाले, "आमाला वाटायचं, समदे नारायण बाईच्या पाठीमागं लागलेत."

कारणे कोणती? सरकारी नोकर असलेल्या यशपाल कपूर यांनी राजीनामा मंजूर होण्याआधीच प्रचाराचे काम केले, हे एक. सभांची व्यासपीठे आणि ध्वनिक्षेपकांची सोय उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी केली, हे दुसरे. लाचेचे, घोंगड्या वाटल्याचे, गायवासराच्या चिन्हाचे आरोप न्यायमूर्तींनी फेटाळले होते. इतक्या बारीक कारणासाठी एवढी मोठी खुर्ची? हा प्रश्न तेव्हा दिल्लीतही विचारला गेला. (खुर्च्या याहून बारीक कारणांनीही जातात. 2008 साली थायलंडचे पंतप्रधान समक सुंदरवेज यांना तिथल्या न्यायालयाने दूर केले, कारण ते दूरचित्रवाणीवर मोबदला घेऊन स्वयंपाकाचा कार्यक्रम करीत होते. हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्हाला तो धोका नाही.")

वाडीतल्या माणसांना मात्र आश्चर्य वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. त्यातली निम्मी निजामाच्या राज्यात जन्मलेली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. राजावर फिर्याद होते, राजाला हजर राहून जबानी द्यावी लागते, आणि तो आत आला तरी कोर्टात कुणी उठून उभे राहायचे नाही असा हुकूम असतो, हे त्यांनी कधी ऐकले नव्हते. मार्च महिन्यात इंदिराबाई साक्षीला गेल्या तेव्हा न्यायमूर्तींनी तसेच बजावले होते. तो भाग आबांनी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला होता म्हणे.

"आनंद झाला का लोकांना?" मी विचारले.

आबांनी मान हलवली. "आनंद कशाचा? बाहत्तरच्या दुस्काळात खडी फोडून जगलेली मानसं आमी. बाईला मत दिलेलं. वाईट बी वाटलं, अन् बरं बी वाटलं. दोनी."

मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. त्या दिवसांतली पुस्तके वाचली तर लोकांच्या प्रतिक्रियेचे एकच चित्र मिळते. दिल्लीत सफदरजंग रोडवरच्या बंगल्यापुढे रोज गर्दी लोटत होती, बाईंचा जयजयकार चालला होता. ती गर्दी मालमोटारी आणि सरकारी बसगाड्या भरभरून आणली जात होती. दुसरीकडे विरोधी पक्ष राजीनामा मागत होते. ते दोन्ही आवाज छापले गेले. पारावरचा आवाज टिपायला कोणी आले नाही.

त्या संध्याकाळी कुणीतरी मास्तरांना विचारले, "म्हंजी बाई आता घरी?" आणि अण्णा म्हणाले, "कायद्यानं तर तसंच." एवढेच.

24 जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. पदावर राहा, पण लोकसभेत मत देऊ नका. दुसऱ्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात गेले. वर्तमानपत्र पारावर येत राहिले, पण त्यात वाचण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना रंगवून शिकवतो. घरातली हकीकत मात्र मला ठाऊक नव्हती.

श्रावणात अण्णांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पत्रात कारण नव्हते. पारावरचे ते तीन शब्द कोणीतरी योग्य जागी पोचवले होते, असे सगळ्यांनीच धरून चालले.

"कुणी पोचवले?" माझ्या तोंडून गेले.

आबा बराच वेळ दूरच्या माळाकडे पाहत राहिले. "ते सोडा. ते मानूस बी गेलं आता. माझ्या मनाला लागलंय ते दुसरंच हाय. मास्तरांचं सामान काय, येक ट्रंक अन् वळकटी. सडकेपातुर न्यायचं होतं. वाडीत आठ बैलगाड्या. येकानं बी गाडी जुपली न्हाई. माझी बी व्हती. मी दाराआड हुबा राहून बघितलं. मास्तर ट्रंक डोक्यावर घिऊन गेले."

मी काहीच बोललो नाही. अण्णांचा भित्रेपणा म्हणून जे मी इतकी वर्षे मनात धरून बसलो होतो, ते आता कुठे ठेवावे हे मला कळेना.

7 नोव्हेंबर 1975 ला सर्वोच्च न्यायालयाने इंदिराबाईंची निवड वैध ठरवली; मधल्या काळात संसदेने कायदाच बदलून घेतला होता. कोर्टाचे प्रकरण तिथे मिटले. लोकांचे मिटले नव्हते. मार्च 1977 मध्ये निवडणूक झाली, आणि रायबरेलीत त्याच राजनारायणांनी त्यांना पन्नास हजारांहून अधिक मतांनी पाडले. बीडमधून निवडून आले गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. गळ्यात माळ घालणाऱ्या मुलखाने कम्युनिस्टाला दिल्लीला पाठवावे याचे शहरात नवल झाले असेल. पण 1967 साली याच बीडने क्रांतिसिंह नाना पाटलांना, तेही कम्युनिस्टच, लोकसभेत धाडले होते.

"तुम्ही कुणाला दिले?"

"शिक्का मारताना मला मास्तरांची ट्रंक दिसली," आबा म्हणाले. "अप्पांचं भाषन मी ऐकलंबी नव्हतं."

आता दिवस पालटले आहेत. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला, त्याचे पडसाद या जिल्ह्यात घरोघरी उमटले. आणि 2024 च्या दसऱ्याला मनोज जरांगे पाटलांचा मेळावा याच गडावर भरला. समोरचा माळ माणसांनी कसा दिसेनासा झाला होता, हे आबांनी हात फिरवून दाखवले. मागणीविषयी त्यांचे मत मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "आता निकाल लागला की मानूस बोलतंय. दाराआड ऱ्हात न्हाई."

साडेचारला परतीची गाडी होती. मी उठलो तसे आबाही गुडघ्यांवर हात टेकून उठले. कोपऱ्यातल्या पिशवीतून चार सीताफळे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, सूनबाईंसाठी. अजून दोन दिवस पिकायची होती. मी नमस्कार केला आणि बॅग उचलायला वाकलो, तो ती त्यांनी आधीच खांद्याला लावलेली.

"अहो आबा, राहू द्या. जड आहे. पुस्तकं आहेत तिच्यात."

"असू द्या," म्हणत ते चालूही लागले. उतारावर दोनदा थांबले, धाप लागली म्हणून. बॅग काही दिली नाही. सडकेवर येऊन गाडी दिसेपर्यंत ते ती खांद्यावरच घेऊन उभे होते.