परतीचं तिकीट आधी

लेकीची पहिली मोठी सहल खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात न्यायची असं ठरलं, तेव्हा जाण्याच्या आधी आम्ही परतायची तारीख पक्की केली. ती सहा वर्षांची. दत्तक होऊन आमच्या घरी आली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचं नाव इथे लिहीत नाही. स्वतःची गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे मोठेपणी तिचं तिने ठरवावं.

'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नाव नोंदवताना बहुतेक जोडप्यांना तान्हं बाळ हवं असतं. आम्ही मोठं मूल मागितलं. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज शंभराच्या आत लागते, त्यात आम्ही बसत होतो. मोठं मूल येतं ते त्याच्या सवयी आणि त्याची भीती घेऊन येतं, हे वाचलं होतं, ऐकलं होतं. ते डोळ्यांनी पाहिलं मार्चमध्ये. नाशिकच्या एका लग्नासाठी माळ्यावरची सूटकेस काढून मी पलंगावर ठेवली. थोड्या वेळाने पाहते तर ही दाराशी चपला घालून उभी. पाठीवर दप्तर, दप्तरात दोन फ्रॉक, कंगवा आणि संस्थेतून आणलेली कापडी बाहुली. रडणं नाही, विचारणं नाही. कुठेतरी पाठवणार आहेत तर आपण तयार राहावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी सूटकेस तिथेच बंद केली आणि तिला मांडीवर घेतलं. लग्नाला नवरा एकटा जाऊन आला.

दत्तक दिल्यानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाचा अहवाल द्यावा लागतो, त्यासाठी सामाजिक कार्यकर्त्या ताई घरी येतात. बऱ्याच जणांना ही भेट तपासणीसारखी वाटते. मला मात्र ती आधाराची वाटत आली आहे. त्यांना हा प्रसंग सांगितला. त्यांचं म्हणणं असं पडलं की सहलीचा बेत सोडू नका, पण आधी तिला जाऊन परत येण्याची सवय होऊ द्या. जवळचं गाव, एक मुक्काम, ओळखीची माणसं, आणि ठरलेल्या दिवशी आपलं घर.

त्यासाठी खान्देशात आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, सण नाही. माझं माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, आणि चार दिवसांनी ज्या पिशव्या घेऊन आल्या त्याच घेऊन आपापल्या घरी जातात. आम्ही राहतो जळगावला. तिथून एरंडोल, पारोळा करत लालपरीने गेलो. वाटेत प्रत्येक स्टँड आला की ती विचारायची, "इथे उतरायचं?" धुळ्याला माझ्या बहिणी आल्या होत्या, त्यांची पोरं होती. मोठ्या मावशीला तिने निघताना बॅग भरताना पाहिलं, ती रिक्षात बसेपर्यंत पाहिलं, आणि रात्री मावशीचा फोन आला तेव्हा तो स्वतः कानाला लावला. आम्ही निघालो तेव्हा माझ्या आईने तिच्या ओटीत खापरावरचे मांडे बांधून दिले आणि विचारलं, "आते कव्हय येशी व माय?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कानबाईला येऊ." ती आजीला म्हणाली, "कानबाईला." श्रावणात कानबाईच्या सणाला आम्ही खरंच गेलो. दिलेला शब्द पाळणं ही या वयात, आणि विशेषतः या मुलांच्या बाबतीत, फार मोठी गोष्ट आहे.

गर्दीची आणि पाळण्यांची तालीम अमळनेरला झाली. वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. ऊन उतरल्यावर गेलो. मोठ्या पाळण्याकडे तिने मान वर करून पाहिलं आणि माझा पदर घट्ट धरला. छोट्या चक्रातल्या घोड्यावर मात्र बसली. तिथेच एक गोष्ट ध्यानात आली. घोडा फिरत असताना घाबरून तिने हाक मारली ती "ताई!" अशी. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या ताईच होत्या. यात्रेत ताई म्हटल्यावर दहा बायका मागे वळतात. ती हरवलीच, तर कुणाची, कुठली, हे तिला सांगता यायला हवं. त्यानंतर घरी रोज झोपताना आमचा खेळ सुरू झाला: बाबांचं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव, कॉलनी, जळगाव, फोन नंबर. नंबर तिला आधी पाठ झाला, आडनाव नंतर.

घरच्यांचा उत्साह सांभाळणं हे वेगळंच काम होतं. दिरांनी ट्रॅव्हलर गाडी करून सगळ्यांनी मिळून जाऊ म्हटलं. नणंदेचं म्हणणं, पासपोर्ट काढा आणि थेट हाँगकाँगचं डिस्नेलँड दाखवा. प्रेमापोटीच होतं सगळं. पण पंधरा माणसांत प्रत्येक जण तिला एकेका पाळण्यात बसवायला ओढणार, आणि ती कुणालाच नाही म्हणणार नाही. तिला नाही म्हणता यावं यासाठीच आम्ही तिघंच जायचं ठरवलं. मी ते स्पष्ट सांगितलं आणि सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या.

पावसाळ्यात खोपोलीला धो-धो पाऊस, मे महिन्यात जळगावला घराबाहेर पाऊल टाकवत नाही, दिवाळीच्या सुट्टीत सगळीकडे झुंबड. म्हणून डिसेंबरचा, आठवड्याच्या मधला दिवस निवडला. कागदही तोवर हाती आले होते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो आदेश, त्यावरून जन्मदाखला, मग आधार. हॉटेलात ओळखपत्र मागतात तेव्हा काउंटरवर मुलीसमोर खुलासे करत बसायची वेळ येऊ नये, म्हणून हे आधी.

जळगाव ते कल्याण आणि परत, अशी रेल्वेची दोन्ही तिकिटं एकाच वेळी काढली. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. आम्ही ते आनंदाने भरलं. तिकिटावर आमच्या दोघांच्या नावाखाली तिचं नाव छापून आलं. त्या कागदाच्या प्रती काढून तिच्या दप्तरात ठेवल्या. कॅलेंडरवर चार चौकोन रंगवले: गाडी, खोपोली, पाळणे, घर. बॅग तिघांनी मिळून भरली. तिच्या कपड्यांपैकी अर्धे कपाटातच राहतील आणि ते तिने स्वतः पाहावं, याची काळजी घेतली. बाहुली न्यायची की ठेवायची हे तिच्यावर सोडलं. तिने ती उशीवर ठेवली, "घर सांभाळायला."

उद्यानातल्या दिवसाचा बेतही तिच्या मापाने केला. वॉटर पार्क पूर्ण वगळला, कारण अनोळखी ठिकाणी कपडे बदलणं तिला अजून जड जातं. अंधाराचे, भुताखेतांचे खेळ वगळले. खेळण्यात बसल्यावर तिथला माणूस येऊन पट्टा तपासतो, हे आधी पलंगावर ओढणी बांधून दाखवलं. नको वाटलं तर माझा हात दोनदा दाबायचा, मग रांगेत कितीही पुढे असलो तरी बाहेर पडायचं. जेवणाची वेळ घरचीच ठेवली. सुरुवातीला ती उशीखाली पोळीचे तुकडे ठेवायची. भूक लागण्याआधी ताट समोर आलं की तिचा जीव शांत असतो. अशा उद्यानांत बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून तिचे शेव-मुरमुरे हॉटेलात संध्याकाळसाठी ठेवले आणि ते कुठे आहेत हे तिला दाखवून निघालो.

कल्याणहून कर्जतमार्गे लोकलने खोपोली गाठलं. उद्यानात ती घोड्यांच्या चक्रावर पुन्हा पुन्हा बसली. टबी हत्तीला लांबूनच हात केला. 'नायट्रो' रोलर कोस्टरवरून लोकांच्या किंकाळ्या आल्या तेव्हा तिने माझा हात दोनदा दाबला आणि आम्ही लगेच दुसरीकडे वळलो. दुपारीच हॉटेलवर परतलो. तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत, असं कुणी म्हणेल. आमचे झाले.

जळगाव स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारलं. आम्ही तोंड उघडण्याआधी तिने कॉलनीचं नाव सांगितलं, मग बाबांचं नाव सांगितलं, आणि फोन नंबरही सांगायला लागली.

तुमच्याकडे असं मोठं मूल नुकतंच आलं असेल, तर मोठ्या सहलीची घाई करू नका. आधी आजोळी एक मुक्काम करून या. आणि सहलीला निघाल तेव्हा दोन्हीकडची तिकिटं एकदम काढा, आणि परतीचं तिकीट मुलाच्या हातात द्या.