लास्ट किती?

शनिवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला की समजावं, एकतर प्रॉडक्शन सर्व्हर झोपलाय, नाहीतर कुणाला तरी आमचा रेडिओ हवाय. मागचे दोन महिने बहुतेक वेळा रेडिओच निघाला. त्यापेक्षा सर्व्हर परवडला. तो निदान 'लास्ट किती?' असं विचारत नाही.

झालं असं, की साताऱ्याचं घर रिकामं केलं आणि आजी कायमची आमच्याकडे पुण्याला आली. तिच्याबरोबर आलं भांड्यांचं एक पोतं, एक तांब्याचा बंब आणि आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. फिलिप्सचा, लाकडी पेटीचा, वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल. आजोबांनी १९५४ साली बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून तो सेकंडहँड घेतला होता. बंबाला गॅलरी मिळाली. रेडिओ मात्र आधी टीव्हीखाली, मग पलंगाखाली आणि शेवटी चपलांच्या कपाटावर आला, तेव्हा आजीच म्हणाली, "विकून टाका बापडे. फक्त भंगारात घालू नका."

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. एका ओळीची, ऐकायला सोपी, आणि महिनाभर रडवणारी.

मी लगेच चार फोटो काढले आणि ऑनलाइन जाहिरात टाकली. 'व्हिंटेज व्हॉल्व्ह रेडिओ, उत्तम वर्किंग कंडिशन, नऊ हजार.' वर्किंग कशावरून? तर मी आजीला विचारलं होतं, "हा लागतो का गं?" ती म्हणाली, "लागायचा की!" भूतकाळातलं ते उत्तर मी सरळ वर्तमानकाळात नेऊन ठेवलं. इंजिनिअर माणूस, व्याकरणाकडे कशाला बघतोय.

पहिल्या दिवशी एकवीस मेसेज आले. मी खूश! मग वाचायला घेतले. बारा जणांनी 'उपलब्ध आहे का?' एवढंच विचारलं होतं. 'हो' म्हटल्यावर त्यातले अकरा जण जे गायब झाले ते आजतागायत. उरलेल्यांत 'लास्ट किती?', 'दोन हजारात देता का?', 'ब्लूटूथ आहे का?' आणि 'जुन्या मोबाईलवर एक्स्चेंज कराल का?' असले प्रश्न. एकाने घरात लॅपटॉप वगैरे विकायला आहे का, अशीही चौकशी केली.

एक सद्गृहस्थ म्हणे लष्करात होते. पोस्टिंग लांबचं, रेडिओ बघायचीही गरज नाही, पूर्ण नऊ हजार लगेच पाठवतो म्हणाले. पाठवला मात्र क्यूआर कोड. "स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." अहो, यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही! हे त्यांना सांगितल्यावर सरहद्दीवरचा फोन ताबडतोब बंद झाला. (तुमच्याही घरात कुणी ज्येष्ठ मंडळी जुन्या वस्तू विकत असतील, तर हे एक वाक्य कागदावर लिहून त्यांच्या फोनच्या कव्हरमध्ये घालून ठेवा.)

या सगळ्याला मी सपोर्ट तिकिटांसारखी ठरलेली उत्तरं तयार केली. कॉपी, पेस्ट, सेंड. सुरळीत चाललं होतं. मग एक प्रश्न आला, ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

'आत लाल ट्यूब आहे का?'

मागचा पुठ्ठा काढून बघितला, तर खरंच होती. दोन व्हॉल्व्ह साध्या काचेचे आणि तीन बाहेरून विटकरी लाल. फोटो पाठवला. पुढच्या मिनिटाला फोन. "दादा, कुणाला देऊ नका. मी येतो. चाळीस हजार देतो."

नऊचे चाळीस! खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मी नव्या मॉनिटरच्या किमती बघितल्या.

तेवढ्यात जरा शोधाशोधही केली आणि प्रकार कळला. जुन्या रेडिओत नि टीव्हीत 'लाल पारा' असतो आणि तो लाखो-करोडोंना जातो, अशी एक अफवा आहे. त्याचे व्हिडिओ फिरतात. ट्यूब मोबाईलजवळ नेली की रेंज जाते, आरशात ती दिसत नाही, लसणाकडे ओढली जाते, वगैरे. ही अफवा जगभर फिरून आलेली आहे. २००९ साली सौदी अरेबियात हाच लाल पारा जुन्या सिंगर शिवणयंत्रांत असल्याची आवई उठली होती आणि लोकांनी अडगळीतली यंत्रं भलत्याच भावाने घेतली होती. पाऱ्याची लाल संयुगं असतात, आपला हिंगूळ त्यातलाच. पण असल्या जादूचा लाल पारा कुठेच नाही.

रविवारी तो आला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, दीडशे किलोमीटर मोटारसायकल मारून. पाठीला सॅक, सॅकमध्ये पैसे. आजीने आधी पाणी दिलं आणि मग पोह्यांचं विचारलं. तो 'नको' म्हणाला. त्याचं सगळं लक्ष रेडिओकडे. पुठ्ठा काढला आणि त्याने खिशातून मोबाईल काढून लाल व्हॉल्व्हपाशी धरला. रेंजच्या काड्या हलल्या नाहीत. "आतल्या खोलीत नेटवर्क जास्त असेल म्हणून," तो म्हणाला. मग दुसऱ्या खिशातून लसणाची पाकळी निघाली.

मला हसू आलं नाही. सॅकमधले पैसे कुणाचे, ते त्याने न विचारताच सांगितलं होतं. मामाकडून उसने आणि एक गाय विकून.

माझ्यासमोर सरळ रस्ता होता. मी काहीच खोटं बोललो नव्हतो. लाल ट्यूब आहे का, आहे. किंमत त्यानेच सांगितलेली. 'जसं आहे तसं' म्हणून चाळीस हजार मोजून घेतले असते, तर कोणता कायदा मोडला असता? आणि स्वयंपाकघरातून आजीचा आवाज, "अहो, घ्या की थोडे, गरम आहेत."

मी म्हटलं, "बस जरा. हा फक्त रंग आहे." व्हॉल्व्हला बाहेरच्या विजेच्या गडबडीपासून वाचवायला त्यावर धातू मिसळलेला रंग द्यायचे, फिलिप्सच्या त्या काळच्या काही व्हॉल्व्हचा तो लाल असायचा, बास. शेजारच्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये वरती चंदेरी डाग दिसतो, तो पाऱ्यासारखा वाटतो खरा, पण तो बेरियमचा. आत राहिलेली जराशी हवा शोषून घेण्यासाठी तो लावलेला असतो.

त्याला पटेना. "तुम्हाला जास्त पायजे असतील तर तसं सांगा ना दादा."

शेवटी मी एक लाल व्हॉल्व्ह अलगद उपसला आणि स्क्रूड्रायव्हरने रंगावर बारीक ओरखडा काढला. लाल पावडर टेबलावर पडली, खाली नुसती काच. तो बराच वेळ त्या ओरखड्यातून आत बघत होता.

"मग आत काय असतं?"

"तारा, पत्रा आणि जाळी. बाकी काही नाही. हवासुद्धा काढून घेतलेली असते. आत काही नाही, म्हणूनच तो चालतो."

तो गप्प झाला. मग पोहे खाल्ले. जाताना त्याने सांगितलं की ट्यूब विकत घेणाऱ्या 'कंपनी'कडे त्याने नोंदणीचे पाच हजार आधीच भरले आहेत, ते परत मिळतील का? माझ्या सगळ्या कॉपी-पेस्ट उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. सायबर तक्रारीचा १९३० नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला आणि इथून पुढे एक रुपया देऊ नकोस म्हटलं. त्याने मान हलवली. गाय परत घेता येईल का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या रात्री मी जाहिरात नव्याने लिहिली. 'लाल पारा नाही, असला पारा कुठेच नसतो' ही पहिली ओळ. लिहिताना पुढच्याच ओळीवर नजर गेली : 'उत्तम वर्किंग कंडिशन'. म्हणजे दुसऱ्याला खरं सांगणारा मी स्वतः काय विकत होतो? ते खोडून लिहिलं, 'अनेक वर्षं लावलेला नाही. चालतो का, माहीत नाही. आधी लावून बघतो आणि सांगतो.'

दहा मिनिटांत एका काकांचा फोन. "लावून बघू नका!" नाव नाही, गाव नाही, एकदम हेच. रेडिओ दुरुस्तीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. इतकी वर्षं पडून राहिलेल्या रेडिओतले कपॅसिटर खराब झालेले असतात, थेट प्लगला लावला तर कपॅसिटर फुटेल, ट्रान्सफॉर्मरही जळेल. आधी कपॅसिटर बदलायचे, मग सिरीजमध्ये बल्ब लावून हळूच जागा करायचा. "आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं. आणि तुम्ही आयटीवाले ना? बोटं घालू नका."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. मागचा पुठ्ठा आहे का? नॉब चारही मूळचे आहेत का? स्पीकरचा कागद फाटलाय का? वाळवी? वायर उंदराने खाल्लीय? लायसनचं पुस्तक आहे का? (तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं.) अर्धा तास गेला. सतरा प्रश्न, आणि त्यात 'लास्ट किती' नव्हता. निम्म्या प्रश्नांना मी 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हटलं आणि त्यांना ते चाललं. माणूस काय विचारतो यावरून त्याला वस्तू हवी आहे की दुसरंच काही, ते कळतं, एवढं या दोन महिन्यांत शिकलो.

रविवारी काका आले, टॉर्च घेऊन. सगळं तपासलं आणि बोट नेमकं एका ठिकाणी थांबलं. "हा ओरखडा ताजा दिसतोय?"

मी सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बरं केलंत. पण त्याचे दोनशे कमी करा." साडेसहा हजारांवर सौदा ठरला होता, सहा हजार तीनशे घेतले. लायसनचं पुस्तक आजीने दिलं नाही. त्यात आजोबांची सही आहे. काकांनी एकदा उघडून बघितलं, पोस्टाची तिकिटं मोजली आणि तिच्या हातात परत दिलं.

दीड महिन्याने त्यांचा फोन आला. "आजींना द्या." आजीने फोन कानाला लावला. मला बाहेर फक्त खरखर ऐकू येत होती आणि तिच्यामागून कुणीतरी बातम्या वाचत होतं.

"नीट लागत नाहीये का गं?" मी विचारलं.

"अगदी नीट लागलाय," आजी म्हणाली. "आमच्याकडे असाच खरखरायचा."

जाहिरात मी केव्हाच काढली. तरी काल मेसेज आलाच : 'उपलब्ध आहे का?'