नववी दांडी

सातव्या महिन्यात ओटी भरून बायको कोल्हापूरला माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात मी कुडाळच्या घराच्या माळ्यावरून पाळणा खाली काढला. ती घरात असताना या कामाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. पाळणा सागवानी, पण त्यावर निळा तैलरंग. १९६२ साली, बाबांच्या वेळी, आजोबांनी दिलेला. त्या काळच्या तैलरंगांत शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती थेट २०१७च्या नोव्हेंबरात. शिसं आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. आणि दात यायला लागलेलं मूल तर हाती लागेल ते चघळतं.

"मामंजींच्या हातचा रंग आहे रे तो," एवढंच आई म्हणाली. तिला कारण सांगताना माझाही घसा दाटला.

कोरडं घासलं की विषारी धूळ उडते. म्हणून मागच्या पडवीत प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, पाणी मारत मारत ओल्या पॉलिशपेपरनं घासत राहिलो. अकरा दिवस लागले. पडवी झाडली नाही, ओल्या फडक्यांनी पुसली. फडकी आणि खरवड पिशवीत बांधून वेगळी ठेवली.

एका बाजूची शेवटची दांडी गायब होती. बाळाचं डोकं अडकू नये म्हणून दांड्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. इथे माझा अख्खा पंजा आरपार जात होता. मेस्त्रींनी पाळणा उलटापालटा करून पाहिला. "लाकडाक काय एक होवक नाय," म्हणाले, आणि लाकडी हातोडीनं ठोकून चौकट सोडवली. एकही खिळा नाही. प्रत्येक दांडीच्या टोकाला पटाशीच्या बारीक चिरा होत्या: एक, दोन, तीन. तेवढ्याच चिरा तिच्या भोकाशेजारीही, इतकी वर्षं निळ्या रंगाखाली बुजलेल्या. हातानं कातलेल्या दांड्या एकसारख्या नसतात, म्हणून जिची तिला जागा ठरलेली. आई खाली बसून बोटानं खुणा मोजू लागली. आठ दांड्या, नऊ भोकं.

मेस्त्रींनी सागाची नवी दांडी आणली. बसवण्याआधी, कुणी सांगितलं नसताना, तिच्या टोकाला पटाशीनं नऊ चिरा पाडल्या.

मोहरीची उशी मात्र आईनं पेटीत ठेवून दिली. तान्ह्याला उशी नको, सपाट घट्ट गादीच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळ बसायला लागलं की पाळणाही बंद. म्हणजे तीन महिन्यांचं होऊन ते इथे आलं की जेमतेम दोन-तीन महिन्यांचाच हा मुक्काम. तेवढ्यासाठीही मला तो नीट हवा होता.

स्पिरिटमध्ये चपडा विरघळवला, मलमलीच्या बोळ्यानं पातळ हात दिले. चपडा पारदर्शक, खुणा बुजत नाहीत. चौथा, शेवटचा हात आईनं दिला.