झाकणाआड

निवृत्त माणसाला दोन मोह आवरत नाहीत: आत्मचरित्र लिहिण्याचा आणि घरातले एखादे यंत्र उघडून पाहण्याचा. दुसरा त्यातल्या त्यात निरुपद्रवी समजून मी तो पत्करला.

मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात अण्णांनी 1976 साली घेतलेली मोटार उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणवून घेऊ लागली; आमच्या घरी मात्र ती फियाटच राहिली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीने 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्याचा निरोप घेतला. आमची गाडी इंजिनाच्या पुढच्या झाकणातून तेल गाळीत हट्टाने उभीच होती.

एका रविवारी मी ते झाकण काढायला बसलो. पाणी सोडून रेडिएटर उतरवला, फॅनबेल्ट काढला. पुलीचा नट काही हलेना. पाना लावला की सारे इंजिनच फिरे. शेवटी गाडी गिअरमध्ये टाकली, आमच्या सौ. ब्रेकवर पाय रोवून बसल्या, तेव्हा कुठे तो सैल झाला. बोल्ट काढले तरी झाकण चिकटलेलेच. पेचकस खुपसून उचकटायचे नाही, लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकायचे, एवढे अण्णांना पाहून ठाऊक होते.

झाकण सुटले. आत टायमिंगची साखळी आणि तिने बांधलेली दोन दातेरी चाके होती. धाकटे दोन फेरे घेते तेव्हा थोरले एक घेते. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे ते त्यावर ठरते. पण माझी नजर खिळली ती झाकणाच्या कडेवर. तिथले पॅकिंग बाजारचे नव्हते, पुठ्ठ्यातून कात्रीने कापलेले होते. तेल पिऊन काळ्या झालेल्या पट्टीवर छापील अक्षरे होती: ‘प्रगतिपु’.

1979 साली सातवीत मी गणितात नापास झालो. प्रगतिपुस्तक अण्णांच्या टेबलावर ठेवले आणि आठ दिवस जेवताना मान वर केली नाही. अण्णा अवाक्षर बोलले नाहीत. ‘पुस्तक गहाळ झाले, दुसरे द्यावे,’ अशी चिठ्ठी तेवढी त्यांनी शाळेत धाडली. त्यांचा तो अबोला मी जन्मभर राग म्हणून सांभाळला.

आता प्रश्न पडतो, त्यांनी ते आईच्या नजरेआड केले, की त्या रविवारी दुसरा जाड पुठ्ठाच हाताशी नव्हता? विचारायला अण्णा नाहीत.

“इतकी वर्षे टिकले की हो!” सौ. म्हणाल्या.

दुकानातले नवे पॅकिंग मी बसवले. जुने पुसून कपाटात ठेवले आहे. माझे गणित घराच्या उपयोगी पडले ते एवढेच.